सोसायटीच्या मोटरीचे वजन

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी पत्रात ‘आपल्या नोकरीतील रंजक अनुभव’ असे शब्द वापरले आहेत. त्यांतील ‘रंजक’ या शब्दावर माझा आक्षेप आहे, आणि तो येथे नोंदवूनच मी पुढे जातो. जंगल कामगारांच्या सहकारी सोसायटीत चिटणीस म्हणून माझी हयात गेली. त्यापूर्वी चांद्याच्या कचेरीबाहेर अर्जनवीस होतो. सरकारला, रेल्वेला, नगरपालिकेला आणि एकदा एका संपादकालाही मी सविस्तर पत्रे लिहिली. त्यांनी कोणाचे रंजन झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

लिहायला बसण्याचे कारण निराळेच घडले. घुग्घुसला कोळशाच्या वाहतुकीचा धंदा करू पाहणारा माझा भाचा गेल्या महिन्यात चकचकीत छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आला. “मामाजी, तुमी तं सोसायटीची मोटर घेतली होती न? सांगा, मध्यम घेऊ का मोठी?” मी म्हणालो, बस, सांगतो. त्याला बसायला वेळ नव्हता. वाचकांना सणाची सुटी असते, म्हणून त्यांना सांगतो.

आधी धंदा समजून घ्यावा लागेल. जंगल खाते तोडीसाठी जंगलाचा जो तुकडा आखून देते त्याला कूप म्हणतात. कोणते झाड पाडायचे ते खाते ठरवते आणि झाडाच्या अगदी बुडाशी हातोड्याने शिक्का मारते. झाड जाते, शिक्का थुटावर राहतो. तोडलेला माल ठरलेल्या मुदतीत कुपाबाहेर काढून सरकारी डेपोत नेऊन लावायचा. ही मुदत पावसाळ्याच्या तोंडाशी संपते. मुदतीनंतर कुपात जे लाकूड उरेल ते सरकारजमा. करारनाम्यात आणखीही पुष्कळ कलमे असत, ती मी वाचकांना माफ करतो. एवढे एक मात्र लक्षात ठेवावे.

पूर्वी कूप लिलावात जात आणि ठेकेदार घेत. मूल गावाच्या पलीकडे आमच्या बाजूला एकच मोठा ठेकेदार होता. त्याचे नाव लिहून त्याला अंकात जागा देण्याची माझी इच्छा नाही. सगळे त्याला शेठ म्हणत, मीही तेच म्हणतो. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि कूप कामगारांच्या सोसायट्यांना द्यावेत असे धोरण आमच्यापर्यंत पोचले होते. आमची सोसायटी नोंदवली गेली, आम्हाला कूप मिळाला. शेठ चिडला नाही. तो हसला, कारण हात आमचे आणि कुऱ्हाडी आमच्या असल्या, तरी लाकूड वाहणारे ट्रक झाडून सारे त्याचे होते.

पहिल्या वर्षी आम्ही त्याचेच ट्रक भाड्याने लावले. उन्हाळाभर ते नीट चालले. मुदत जवळ आली तसे एकेक करून आजारी पडू लागले. एकाचा पाटा मोडला, दुसऱ्याचा ड्रायव्हर मेव्हणीच्या लग्नाला गेला, तिसरा का उभा आहे हे सांगण्याचीही कोणी तसदी घेतली नाही. बराच माल कुपात राहिला, सरकारजमा झाला आणि पुढे लिलावात निघाला. लिलावात तो शेठने घेतला. उचलण्याच्या दिवशी त्याचे सगळे ट्रक ठणठणीत होते. मी यावर जंगल खात्याला जे पत्र लिहिले ते माझ्या उत्तम पत्रांपैकी एक होते. त्याला उत्तर आले ते असे: या खेपेस ताकीद देण्यात येत आहे, पुढील मुदतीत कूप पूर्ण रिकामा न झाल्यास सोसायटीस पुन्हा कूप दिला जाणार नाही.

याचा अर्थ सभासदांना समजावून सांगावा लागला नाही. कूप गेला की सोसायटी गेली, आणि सोसायटी गेली की पुन्हा शेठच्या मुकादमासमोर रांगेत उभे राहणे आले. म्हणून ट्रक घ्यायचा ठरला. एकच. चुकला तर दुसरा घेण्याची ऐपत नव्हती.

सर्वसाधारण सभा मोहाच्या झाडाखाली भरली. सभापती होते चैतू मडावी. बोलणे थोडे, आणि तेही समोरच्याला उशिरा टोचणारे. मला ते वकीलभाऊ म्हणत. मी वकील नाही हे मी त्यांना अनेकदा सांगितले होते.

“वकीलभाऊ, गाडा घेवाचा तं मोठा घेवाचा,” चैतूभाऊ म्हणाले. “शेठच्या मोटरीहून मोठा. तो आला का शेठनं वाट सोडून देल्ली पायजे.”

सभेने मान डोलावली. मला मात्र हिशेब दिसत होता. तेव्हा आमच्यापुढे तीन वाटा होत्या. लढाईतून उरलेले लष्करी ट्रक विक्रीला निघत. चारही चाके ओढणारे, चिखलात हार न जाणारे, पण पेट्रोल पाण्यासारखे पिणारे, आणि एखादा भाग तुटला तर तो मिळण्याची खात्री नसलेले. दुसरा, नवा मोठा डिझेल ट्रक. तिसरा, नवा मध्यम ट्रक, तीन टन माल नेणारा. मोठा घ्यावा असे कोणालाही वाटेल. पण कुपापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या जंगलवाटेवर दोन नाल्यांवर लाकडी पूल होते, आणि दोन्ही पुलांच्या तोंडाशी वजनाच्या मर्यादेची पाटी होती. मोठा ट्रक भरल्यावर त्या मर्यादेबाहेर जात होता. मध्यम ट्रक, त्याची बॉडी आणि तीन टन लाकूड मिळून तिच्या आत बसत होते.

“पाटी वाचते कोन?” मागून कोणीतरी म्हणाले. “शेठचे गाडे जातेत न दनादन.”

“शेठविरुद्ध तक्रार करणारा कोणी नाही,” मी म्हणालो. “आपल्याविरुद्ध शेठ आहे.”

हे सभेला पटले. कायद्याची बाजू मी आयुष्यभर मांडली. ती पटली ती बहुधा अशाच कारणांनी.

नागपूरचा विक्रेता नमुन्याचा ट्रक दाखवायला घेऊन आला तो दिवस मला आठवतो. डोक्यावर सोला हॅट, हातात रुमाल. इंजिनाची तो तारीफ करीत होता आणि आमचे सभासद बाजारात बैल पाहावा तसे त्या ट्रकला पाहत होते. कोणी चाकामागे वाकून बसले, कोणी समोर जाऊन दिवे न्याहाळले. मैनाबाई कुमरे, पंचमंडळातल्या एकट्या बाई, चाके निरखीत होत्या. मग त्यांनी विचारले, “भाऊ, हे रेतीत बसली तं उठते का?”

“बाई, आमची गाडी बसतच नाही.”

“सगळेच बसतेत बाप्पा. शेठची बी बसे. आमीच त ढकलत होतो.”

शेवटी ट्रक रिकामाच नाल्याच्या रेतीत घालावा लागला. तो बसला. मग बांबूच्या तट्ट्या चाकांखाली घातल्यावर उठलाही. मैनाबाई म्हणाल्या, “घ्या. खोटं बोलणारा मानूस आहे, पन गाडी बरी आहे.” असा हा खरेदीचा निर्णय झाला. इतिवृत्तात मी तो अधिक सभ्य शब्दांत लिहिला.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. नवा ट्रक येतो तो पूर्ण येत नाही. लोखंडी सांगाडा, इंजिन, चाके आणि सुकाणू, एवढेच येते. मालाची पेटी, जिला सगळे बॉडी म्हणतात, ती आपली आपण बांधून घ्यायची. आमचा ड्रायव्हर लतीफ बल्लारपूरचा होता. नागपूरहून तो तसला उघडा सांगाडा खोक्यावर बसून, तोंडाला दुपट्टा बांधून चालवत गावात आला, तेव्हा स्वागताला जमलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मग मैनाबाई म्हणाल्या, “काऊन जी, नवरीले लुगडं बी नाई नेसवलं?”

हसता हसता त्या गर्दीत खरी अस्वस्थता होती. शेठच्या प्रत्येक ट्रकला रंगीत बॉडी होती. नागपुरात बॉडी बांधणारे कारखाने होते. पातळ फळ्यांची, हलकी, बेताची बॉडी ते थोड्या दिवसांत देत. तसा ठराव मी लिहूनही आणला होता. तेवढ्यात डोमा वाढई उभा राहिला.

आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. डोमाच्या हातच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आसपासच्या सगळ्या गावांत होत्या, आणि त्याची बंडी मोडली असे कोणी ऐकले नव्हते. “लाकूड आपलं,” तो म्हणाला, “जंगल आपलं, हात आपले, अन् मोटरीचं लाकूड नागपूरचं लावता? लोकं थुकतीन आपल्यावर.” सभा एका आवाजात “होय होय” म्हणाली. नागपूरचा ठराव मी घडी करून खिशात घातला.

पुढचे दिवस सोसायटीच्या इतिहासात सर्वांत आनंदाचे होते, हे मला मान्य केले पाहिजे. प्रत्येक टोल्याने, म्हणजे पाड्याने, आपापला लाकडाचा तुकडा आणायचा असे ठरले. कुणाचेही लाकूड मोटरीत नाही असे व्हायला नको. कुणी सागाचे ओंडके आणले, कुणी बिजाचे, कुणी येनाचे. त्या प्रत्येक तुकड्याचे स्वामित्वशुल्क मी सोसायटीकडून जंगल खात्यात भरले आणि पावत्या घेतल्या. यावरून माझी पुष्कळ थट्टा झाली. चैतूभाऊ म्हणत, “वकीलभाऊ मेला तं तिरडीच्या बांबूचा बी पास काढून ठेवन.” लाकडांना हळद लागली, टोल्याच्या पेनाला, म्हणजे देवाला, नारळ फुटला आणि डोमाने तासणीचा वाकस हातात घेतला.

त्याने बॉडी बांधली ती त्याला ठाऊक होते तसे. बंडी म्हणजे काय? नातवाने वापरायची वस्तू. त्याने तळाला जाड फळ्या घातल्या, त्यांच्याखाली येनाच्या तुळया. बाजूंना सागाचे कठडे, त्यांना सांध्यांत लाकडी खुंट्या, आणि खुंट्यांवर लोखंडी पट्ट्या. मागच्या फळीवर त्याने सूर्य, चंद्र आणि घोडा कोरला. काम पुरे झाल्यावर तो कठड्यावर उभा राहून नाचला. बॉडी हलली नाही. लतीफ तेवढा माझ्या कानाशी म्हणाला, “चिटणीस साब, गाडी ज़रा नीचे बैठी लगती है.” लाकूड ओले होते, त्याच मोसमातले, हेही येथे सांगून ठेवतो.

मोटार खात्याच्या नोंदणीसाठी निरीक्षक महिन्यातून एकदा नागपूरहून येत. ट्रक कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर नेला. येथे हिशेब सोपा आहे. प्रत्येक ट्रकचे मालासकट जास्तीत जास्त वजन किती, हे कारखाना ठरवतो आणि सरकार मान्य करते. त्यातून रिकाम्या ट्रकचे वजन वजा केले की जे उरेल तेवढाच माल भरता येतो. बॉडी जड झाली की माल घटतो. निरीक्षकांनी काट्याचा आकडा पाहिला, ट्रककडे पाहिले, पुन्हा आकडा पाहिला.

“चिटणीस, ही बॉडी आहे की घर?”

त्यांनी वजाबाकी मला दाखवली. तीन टनांपैकी जे उरले ते निम्म्यापेक्षा थोडेच जास्त होते.

मी त्यांच्याशी वाद घातला. मूठभर मजुरांची संस्था, पहिले वाहन, सरकारी धोरण, सगळे मांडले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले, मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, “तुम्ही कायदा जाणता. मी आकडा बदलला आणि तुमचा पूल मोडला, तर ड्रायव्हरच्या बायकोला मी काय उत्तर देऊ?” आयुष्यात ज्यांच्यावर मला रागावता आले नाही असे अधिकारी मोजके. हे त्यांतले एक. त्याचाच मला फार राग आला.

सूर्य, चंद्र आणि घोडा घेऊन आम्ही परतलो. निम्म्या मालाने फेऱ्या केल्या तर मुदतीत कूप रिकामा होणार नव्हता, हे पोचेपर्यंत मला कळून चुकले होते. सभा बोलावली. मी आकडे सांगितले आणि खाली बसलो.

“लाकूड वल्लं आहे,” एक म्हातारा म्हणाला. “सुकंन तं हलकं होईन. सरकार सुक्याचं वजन काऊन नाई धरत?”

“सुकेपर्यंत मुदत थांबत नाही.”

“मंग भरा पुरा माल,” चैतूभाऊ म्हणाले. “मोटर तं ओढते न? शेठचा ट्रक दुप्पट नेते. नाक्यावर त्याले कोन अडवते?”

“शेठ त्याच क्षणाची वाट पाहतो आहे. आपण एकदा जास्त भरले की त्याचा माणूस नाक्यावर उभा असेल. परवाना जाईल. मग कुपात लाकूड आणि दारात मोटर, दोन्ही पडून राहतील.”

सगळ्यांना एकच गोष्ट सुचत होती आणि ती बोलायची कोणाची तयारी नव्हती. बंडीतून लांब लाकूड न्यायचे असते तेव्हा प्रत्येक घरचा माणूस बंडीचे कठडे काढून ठेवतो. दोन आडव्या तुळया आणि चार उभे खुंटे एवढ्यावर ओंडके बसतात. हे तेथल्या लहान पोरालाही ठाऊक होते. डोमाला तर सर्वांत आधी. लाकूड वाहणाऱ्या मोटरीला बॉडी लागतच नव्हती.

शेवटी मैनाबाईंनीच तोंड उघडले. “डोमाभाऊ, काढा लागन.”

डोमा उठला नाही. “शेठच्या मोटरी नेसून-सवरून जातीन,” तो म्हणाला, “अन् आमची उघडी? आमी काय उघडेच राहावाचं?”

ही चूक का झाली, याचा खुलासा मी अनेक वर्षे शोधला असता तरी यापेक्षा नेमका सापडला नसता. जन्मभर शेठच्या लाकडाला खांदा देणाऱ्या माणसांनी एकदाच स्वतःची वस्तू केली होती. ती मजबूत असावी, देखणी असावी, शहराच्या रस्त्याने जाताना मान खाली घालायला लावू नये, एवढेच त्यांनी पाहिले. वजन पाहण्याची त्यांना सवय नव्हती. खांद्यावर वजन असतेच, ते कोणी विचारत नाही.

“उघडी जाईन,” मैनाबाई म्हणाल्या, “पन आपली होऊन जाईन. कूप गेला तं मोटर नेसवून कुठी नेता? शेठच्या दारी?”

डोमा बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा मारत राहिला. मग म्हणाला, “कोनी हात नाई लावाचा. मी काढीन.”

त्याने एकट्याने काढली. घातलेली प्रत्येक खुंटी उलट बाजूने ठोकून बाहेर काढली, एकही फळी फोडली नाही. ज्या टोल्याचा जो तुकडा, तो त्या टोल्याला परत दिला. लोकांनी ते खांद्यावर टाकून घरी नेले. दोन तुळया आणि चार खुंटे बसवून डोमा घरी गेला आणि नंतर सोसायटीच्या अंगणात आलाच नाही.

आता वाचकांना वाटेल की संकट टळले. त्यांनी माझ्यासारखे कायदे वाचलेले नाहीत. ट्रक हलका झाला होता, पण कागदावर तो जडच होता. वाहनात असा बदल केला की खात्याला कळवावे लागते आणि पुन्हा वजन होऊन नोंद बदलेपर्यंत जुनाच आकडा चालतो. मी पत्र पाठवले. निरीक्षक पुढच्या महिन्याच्या फेरीवर येतील असे उत्तर आले. तोवर मोटर पुरा माल ओढण्यास समर्थ असून अर्धा माल नेत होती. रोज सकाळी लतीफ विचारी, “साब, आज?” रोज मी नाही म्हणे. सभासद माझ्याकडे बघत ते डोळे मला अजून आठवतात. त्यांत राग नव्हता, थकवा होता. बॉडी काढली ती कायद्यासाठी, आणि कायदा म्हणत होता की ती अजून आहे.

अखेर आम्ही कामाचे दिवस बुडवून ट्रक घेऊन नागपूरलाच गेलो, मी, चैतूभाऊ आणि लतीफ. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पाहून बाजूला ठेवला. “फेरीवर येतील ना साहेब. तुम्ही इथे कशाला आलात?”

मी कायदा सांगितला, नियम सांगितला, विलंबाने होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी कोणावर येईल तेही सांगितले. माझा आवाज चढला. कारकुनाने पानाचा डबा उघडला. चैतूभाऊ तोवर दाराशी उभे होते. ते पुढे आले आणि हात जोडून, अगदी नम्रपणे म्हणाले, “बाबूसाहेब, तुमचं बरोबर आहे. फकत एक काम करा. पावसाले बी एक नोटीस धाडा, का साहेबाची फेरी झाल्याबिगर येवाचं नाई.”

आतल्या खोलीतून कोणी तरी हसले. ते तेच निरीक्षक होते. बाहेर येऊन त्यांनी खिडकीतून ट्रक पाहिला आणि एकदम गंभीर झाले. “घोडा कुठे गेला?” त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी माझा अर्ज उचलला. टोपी घेतली, स्वतः ट्रकमध्ये लतीफशेजारी बसले आणि काट्यावर आले. त्याच दिवशी नोंद बदलून मिळाली. माझ्या सगळ्या कलमांनी जे झाले नाही ते एका टोमण्याने झाले, याचे मला आजही समाधान वाटत नाही. नियम असा चालायला नको.

त्यानंतर मोटर विसावली नाही. पहाटे कुपात, दुपारी डेपोत, पुन्हा कुपात. नाक्यावर शेठचा माणूस खरोखरच खुर्ची टाकून बसला होता. आमचा प्रत्येक ओंडका मोजला जाई, पास तपासला जाई. एकदा नाक्याजवळ शेठच्या ड्रायव्हरने ट्रक बाजूने आणून हाक दिली, “काय रे लतीफ, तुमची मोटर नंगी काऊन?”

लतीफने गाडी न थांबवता उत्तर दिले, “अबे, नंगी है तो छुपाने को कुछ नहीं! तेरे शेठले कपडे लागतेत, माल झाकाले!”

नाक्यावरच्या शिपायाने हे ऐकले आणि त्या दिवशी शेठच्या ट्रकवरची ताडपत्री उचलून पाहिली. पुढे त्याची बदली झाली, तो भाग निराळा.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात वावटळी सुटल्या आणि एक सर येऊन गेली. एक लाकडी पूल खचला. आता ट्रक पलीकडे जाईना. तेव्हा गावोगावच्या बंड्या निघाल्या. कठडे काढलेल्या, उघड्या. कुपापासून पुलापर्यंत बंड्या, पुलावरून खांदे, पुलाच्या अलीकडे मोटर. चैतूभाऊ सभापती असून खांदा द्यायला सर्वांत पुढे होते. मी खांदा दिला नाही. मला पास लिहायचे होते. पावसाचे थेंब कागदावर पडू नयेत म्हणून मैनाबाई माझ्यावर तट्टी धरून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, “लेहा, लेहा, तुमच्याबिगर लाकूड हालत नाई.” हा आदर होता की टोमणा, हे मी तेव्हाही विचारले नाही.

मुदतीच्या दिवशी रेंजर कूप फिरून पाहायला आले. थुटे होती, थुटांवर शिक्के होते, आणि त्याखेरीज काही नव्हते. त्यांनी कूप रिकामा झाल्याचा दाखला लिहून दिला. पुढच्या वर्षीचा कूप सोसायटीला मिळाला. आनंद झाला, असे लिहिले पाहिजे. प्रत्यक्षात सगळे आपापल्या घरी जाऊन झोपले.

मी मात्र डोमाकडे गेलो. काय बोलायचे याचा मजकूर मनात तयार केला होता: संस्थेचे आभार, त्याच्या त्यागाची नोंद, इतिवृत्तात ठराव. तो अंगणात एका बंडीच्या चाकाला आरे बसवत होता. बायकोने मला पाणी दिले. मी बोलायला सुरुवात केली, तर त्याने हात वर करून थांबवले.

“वकीलभाऊ, एक सांगा. दोनदा वजन झालं न मोटरीचं? आधी बॉडीसंग, मंग बिगर बॉडीचं?”

“होय.”

“मंग एकट्या बॉडीचं किती झालं?”

मी मनात वजाबाकी केली, नव्या तुळया आणि खुंट्यांचे वजन अंदाजाने धरले आणि सांगितले, “सेहेचाळीस मण.”

त्याच्या हातातला आरा थांबला. “सेहेचाळीस!” तो बायकोकडे वळला. “आयकलं का वो? सेहेचाळीस मन! अन् कठड्यावर मी नाचलो तं हालली नाई.” त्याच्या चेहऱ्यावर खंतीचा मागमूस नव्हता. ज्या आकड्याने सोसायटी बुडायला आली होती, तो आकडा त्याला बक्षिसासारखा वाटत होता.

“सरकारी काटा होता न तो?” त्याने विचारले.

“सरकारने मानलेला.”

“मंग लेहून द्या मले.”

मी पिशवीतून कागद काढला आणि लिहिले की डोमा वाढई याने सोसायटीच्या मोटरीस स्वहस्ते बांधलेल्या बॉडीचे वजन सरकारमान्य काट्यानुसार सेहेचाळीस मण भरले, आणि ती शेवटपर्यंत कोठेही हलली नाही. दुसऱ्या वाक्याला कागदोपत्री आधार नव्हता. त्याने ते वाचून दाखवायला सांगितले, मग पुन्हा एकदा बायकोसाठी. नंतर कागद माझ्याकडेच परत दिला.

“सही राह्यली,” तो म्हणाला.

मी सही केली.